गोल्फच्या लेसनवर पैसे घालवावेत का? एका आईचा हिशोब

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका दादांचं पत्र आलं होतं, गोल्फचे क्लास म्हणजे श्रीमंतांचे चोचले, आपल्या खान्देशातल्या मध्यमवर्गीय आईबापांनी असल्या नादी लागू नये, पोरांच्या शिक्षणाचे पैसे उडवू नयेत असं त्यांनी लिहिलं होतं. मी ते पत्र दोनदा वाचलं, मिस्टरांना पण वाचून दाखवलं. त्यांचा राग मला समजतो कारण आम्ही स्वतः या नादात बासष्ट हजार रुपये घालवून बसलोय. पण त्यांनी जो निष्कर्ष काढलाय तो मला पटला नाही आणि का पटला नाही ते जरा सविस्तर लिहावं वाटलं, पत्र लांबलं तर समजून घ्या.

मी अमळनेरला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मिस्टरांचं पाईप आणि मोटारपंपाचं दुकान आहे आणि थोडी शेती आहे, कापूस लावतो. मुलगी सातवीत आहे. तिला हे वेड लागलं ते टोकियो ऑलिम्पिकमुळे, ७ ऑगस्ट २०२१, शनिवार होता, पहाटेपासून घरात टीव्ही चालू होता कारण बंगळुरूची अदिती अशोक तीन राऊंड झाल्यावर दुसऱ्या नंबरवर होती. आमच्यापैकी कुणालाही गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं. जागतिक क्रमवारीत २०० व्या नंबरवरची पोरगी, सोबत बॅग सांभाळायला स्वतःची आई, आणि शेवटी एका शॉटनं पदक हुकलं, चौथी आली. त्याच दिवशी संध्याकाळी नीरज चोप्रानं सोनं जिंकलं त्यामुळं सकाळचं सगळे विसरून गेले, पण आमची पोरगी विसरली नाही. आठ वर्षांची होती ती तेव्हा. "त्या ताईची आई पण मैदानात होती" हे वाक्य तिनं मला किती वेळा ऐकवलं असेल.

दोन-अडीच वर्षं आम्ही टाळलं. क्रिकेट खेळ म्हटलं, बॅडमिंटन खेळ म्हटलं. मग वाटलं एवढं मागतेय तर बघूया, आणि तिथंच पहिली चूक केली, आधी शिकवणारा शोधायच्या ऐवजी आधी सामान घेतलं. ऑनलाइन बघून चौतीस हजारांचा फुल सेट मागवला, बॅगेसकट. नियमानं खेळाडूला जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, ठेवता येतात एवढं वाचलं होतं म्हणून वाटलं सगळेच लागत असतील. सेट मोठ्या माणसाच्या मापाचा निघाला. साडेचार फुटाची पोर, ती दांडी निम्म्यातून धरायची तर मागचं टोक पोटाला टोचायचं. मुलांचे क्लब उंचीनुसार मिळतात हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं पण नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. आमच्यापासून पाच तासांवरच्या एका शहरात सुट्टीचं पॅकेज होतं, चोवीस लेसन, अठ्ठावीस हजार, सगळे पैसे आधी. मी पोरीला घेऊन तिथं ओळखीच्यांकडे राहिले. एका सरांकडे नऊ मुलं, तासाभरात आमच्या पोरीकडे सर यायचे ते पाच-सहा मिनिटं, "गुड, गुड, मान खाली ठेव" म्हणायचे आणि पुढं जायचे. पाच लेसन झाले आणि सहाव्याला गेलो तर सर नोकरी सोडून गेलेले. नवीन कोच येतील म्हणाले. आठ दिवस वाट बघितली, मग पैसे मागितले तर पावतीच्या मागं बारीक अक्षरात पैसे परत मिळणार नाहीत असं छापलेलं दाखवलं. मी शिक्षिका असून पावती उलटून वाचली नाही याचं मला आजही वाईट वाटतं. परत येताना पोरगी बसमध्ये खिडकीकडं तोंड करून रडत होती, मी तिला काहीच बोलले नाही कारण मला पण रडू येत होतं.

म्हणजे त्या दादांचं पत्र मी जर त्या रात्री वाचलं असतं तर खाली माझी पण सही केली असती.

नातेवाईकांनी तर धारेवरच धरलं. नणंद म्हणाली तेवढ्यात पोरीच्या नावानं सोनं झालं असतं, जळगावचं सोनं सोडून हे काय. दिरांनी शेअर्सचं काढलं. अमळनेरच्या माणसाला ते सांगायला नकोच, विप्रो १९४५ साली इथंच वनस्पती तेलाची कंपनी म्हणून सुरू झाली आणि ज्यांनी तिचे शेअर्स घेऊन नुसते ठेवून दिले त्यांच्या गोष्टी आमच्याकडं घरोघरी सांगतात. त्यामुळं पैसा कुठं ठेवला की वाढतो हा विषय निघाला की आमच्या गावात सगळेच जाणकार. एकट्या सासूबाई माझ्या बाजूनं बोलल्या. त्यांच्या वडिलांचा आखाडा होता. त्या म्हणाल्या, "कुस्ती शिकाले वस्ताद लागस, मंग आंडेरले का बरं नको?" (आंडेर म्हणजे पोरगी) आणि विषय संपवून भाकरी टाकायला गेल्या.

ते वस्ताद डोक्यात राहिलं माझ्या. आखाड्यात वस्ताद काय करतो, पोराचा पाय कुठं पडतोय ते पोराला दिसत नाही, ते तो बघतो. या उन्हाळ्यात मग आम्ही पुण्याला बहिणीकडं गेलो आणि तिथं एका रेंजवर, म्हणजे चेंडू मारायच्या सरावाच्या मैदानावर, एकेकट्याला शिकवणारे सर शोधले. पंचेचाळीस मिनिटांचे बाराशे रुपये. ऐकून मला घाम फुटला, कारण हिशोब केला तर मिनिटाला सव्वीस-सत्तावीस रुपये होतात. एकाच लेसनचे पैसे दिले, पुढचं नंतर बघू म्हटलं.

तो पहिला लेसन मी मागच्या बाकावर बसून बघितला, तो नीट सांगते कारण माझं सगळं म्हणणं त्या पाऊण तासात आहे.

आमच्या पोरीचा चेंडू उजवीकडं वळायचा. सुरुवातीला सरळ जायचा आणि मग केळाच्या घडासारखा वाक घेऊन उजव्या हाताला पडायचा. याला स्लाइस म्हणतात. घरी मोबाईलवर व्हिडिओ बघून तिनं स्वतःच उपाय शोधला होता, चेंडू उजवीकडं जातो ना मग आपण डावीकडं तोंड करून उभं राहायचं. आणि जितकं डावीकडं तोंड करावं तितका चेंडू जास्तच वळायचा, रोज शेकडो वेळा मारून तिनं ती चूकच पक्की केली होती. सरांनी पहिली दहा-बारा मिनिटं काहीच सांगितलं नाही. नुसतं मार म्हणाले आणि एकदा मागून, एकदा समोरून बघत राहिले. मी मनात हिशोब करतेय, तीनशे रुपये गेले. मग ते जवळ आले, तिचा डावा हात दांडीवरून सोडवला आणि परत ठेवला, किंचित उजवीकडं फिरवून. "वरून बघ, मुठीची किती हाडं दिसतात?" ती म्हणाली दोन. "आधी किती दिसत होती?" ती गप्प. आधी एकच दिसत होतं. पावलं सरळ करून दिली आणि म्हणाले मार आता.

पहिले तीन चेंडू कसेही गेले. चौथा सरळ गेला. आवाजच वेगळा आला, ठक् असा कोरडा, आणि पोरीनं मागं वळून माझ्याकडं बघितलं.

सरांनी नंतर समजावून सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलंय. चेंडूला क्लब लागतो तेव्हा क्लबचं तोंड थोडं उजवीकडं उघडं राहत होतं म्हणून चेंडूला तिरकी फिरकी लागायची. डावीकडं तोंड करून उभं राहिलं की क्लब चेंडूला बाहेरून आत असा कापत यायचा, क्लबचं तोंड आणि क्लब येण्याचा रस्ता यातला फरक वाढायचा आणि फिरकी पण वाढायची. म्हणजे तिचा उपायच आजार वाढवत होता आणि हे तिला स्वतःला कधीच दिसलं नसतं. व्हिडिओत सगळं बरोबर सांगितलेलं असतं हो, पण व्हिडिओ तुमच्या पोरीचा हात बघत नाही.

दुसऱ्या लेसनला असंच एक. ती चेंडू उचलायला बघायची, खालून वर. नवीन सगळेच असं करतात म्हणे. सेव्हन आयर्न म्हणून जो क्लब असतो त्याचं तोंड मुळातच तीसेक अंशात मागं कललेलं असतं, चेंडू वर न्यायचं काम ते तोंड करतं, आपण फक्त खाली उतरत मारायचं, आधी चेंडू आणि मग त्याच्या पुढची माती. आम्ही शेतकरी माणसं, मिस्टर संध्याकाळी फोनवर हे ऐकून लगेच म्हणाले की कुदळीचं पण तसंच आहे, कुदळ पडू द्यायची असते, ओढायची नसते, आणि जो घट्ट धरतो त्याच्याच हाताला फोड येतात. दुसऱ्या दिवशी पोरीनं हे सरांना सांगितलं आणि सरांना ते एवढं आवडलं की म्हणाले आता मी बाकीच्यांना पण असंच सांगणार.

महिनाभरात सहा लेसन घेतले. रोज नाही. मध्ये चार-पाच दिवस ठेवायचे आणि त्या दिवसांत तेच एक काम घोटायचं, सरांनीच सांगितलं होतं की रोज लेसन घेऊ नका, पैसे वाया जातील, एक गोष्ट अंगात मुरली की मग या. हे ऐकलं तेव्हा माझा त्या माणसावर विश्वास बसला.

आता दादांसाठी खर्च लिहिते. सहा लेसन ७२०० रुपये. रेंजवर पन्नास चेंडूंची एक बकेट दोनशेला, महिन्यात वीस बकेट, ४००० रुपये. मुलांच्या मापाचे जुने तीन क्लब, सेव्हन आयर्न, जवळून चेंडू उचलून टाकायचा एक वेज आणि चेंडू घरंगळवायचा पुटर, ६५०० रुपये. जाणं-येणं दोघींचं ३६००. सगळे मिळून एकवीस हजार तीनशे. बहिणीकडं राहिलो म्हणून राहण्या-खाण्याचा खर्च नाही, तो धरावा लागला असता तर आकडा बराच वाढला असता हे मी प्रामाणिकपणे सांगते. आणि आधीचे बासष्ट हजार, त्यातला तो मोठा सेट पंधरा हजारांना विकला. म्हणजे जे पैसे खरोखर बुडाले ते सामानात आणि पॅकेजमध्ये बुडाले. शिकवणाऱ्याच्या हातात जे ७२०० गेले तेवढ्याचंच पोरीला काहीतरी मिळालं, आणि सगळ्यात जास्त घासाघीस मी त्याच पैशांसाठी केली होती.

दादांच्या पत्रात एक मुद्दा मात्र विचार करण्यासारखा होता. त्यांनी लिहिलंय की मोठे खेळाडू कुठं क्लास लावून झाले. खरं आहे. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून लोकांच्या बॅगा उचलणारे अली शेर १९९१ साली इंडियन ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकले, १९९३ ला परत जिंकले. कोलकात्याचे एस. एस. पी. चौरसिया, त्यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर मैदानाची निगा राखायचे, १८२९ सालचा क्लब तो, तिथं बघून बघून शिकलेला पोरगा २००८ ला इंडियन मास्टर्स जिंकला आणि २०१६, २०१७ असं लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन. यांनी पॅकेज घेतलं नव्हतं. पण दादा, ते मैदानावर होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चांगले आणि वाईट शेकडो शॉट त्यांच्या डोळ्यासमोरून जायचे, कोण चुकतोय, का चुकतोय, वारा आला की कोणता क्लब घेतात, हे सगळं त्यांना फुकट बघायला मिळालं, बॅग उचलायच्या बदल्यात. अदिती सुद्धा साडेपाच वर्षांची असताना आईवडिलांसोबत नाश्त्याला जायची त्या हॉटेलातून रेंज दिसायची म्हणून या खेळाकडं वळली. आमच्या पोरीला दारातून काय दिसतं, कापसाचं रान आणि धुळ्याकडं जाणाऱ्या गाड्या. आमच्या तालुक्यात एक गोल्फचं मैदान नाही, शेजारीपाजारी कुणी खेळणारं नाही, काका-मामा नाही. नाशिकला एका मैदानाला अजून लोक गोल्फ क्लब म्हणतात, हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण तिथं क्रिकेट चालतं. मला तर वाटतं की आम्ही लेसनची फी देतो ती मैदानापासून लांब राहतो म्हणून देतो. जे त्या पोरांना बघून मिळालं ते आम्हाला पाऊण तासाला बाराशे देऊन विकत घ्यावं लागतं. हे महाग आहे, अन्यायाचं पण आहे. पण त्यावर उपाय काय, आपल्या पोरांनी ते शिकूच नये हा?

आणि गोल्फ जेवढं महाग वाटतं तेवढं त्यातलं सगळंच महाग नाही हे पण लोकांना सांगायला पाहिजे. अठरा होलचा पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागायला हवेत तेवढे शॉट, बहुतेक ठिकाणी ७२ असतो, त्यात प्रत्येक होलला दोन पुट धरलेले असतात, म्हणजे ७२ पैकी ३६ शॉट नुसते चेंडू घरंगळवायचे. त्याला ना रेंज लागते ना बकेट. गोल्फच्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर. मिस्टरांच्या दुकानात ११० चा पीव्हीसी पाईप कायम पडलेला, त्याची जाडी धरली तर आतलं तोंड १०८ पेक्षा थोडं कमीच भरतं, म्हणजे सरावाला उलट चांगलं. त्यांनी वीतभर तुकडा कापला, अंगणातल्या मातीत पुरला, शेणानं सारवून जमीन गुळगुळीत केली आणि सासूबाई रोज सकाळी त्यावर पाणी मारतात. पोरगी शाळेच्या आधी शंभर पुट मारते. तीन फुटांवरून, मग सहा फुटांवरून, वहीत आकडे लिहिते. जूनमध्ये सहा फुटांवरून शंभरात एकतीस जायचे, आता बावन्न-त्रेपन्न जातात. मागच्या पडवीला शेडनेट दुहेरी टांगलीय, तिच्यात सेव्हन आयर्न मारते. शेजारच्या वहिनींना आधी भीती वाटायची चेंडू येईल म्हणून, आता त्यांची पोरं कुंपणावर बसून मोजतात.

म्हणून त्या दादांना आणि ज्या आईबापांच्या घरी असा हट्ट चालू आहे त्यांना माझं सांगणं आहे की सामान घ्यायच्या आधी दोन-तीन लेसन घ्या, क्लब तिथंच भाड्यानं किंवा सरांकडून मिळतात. एका वेळी एकाच लेसनचे पैसे द्या, फार तर पाचचे, आणि पावतीची मागची बाजू वाचा. सर तुमच्या मुलाकडं किती वेळ बघतात ते मागं बसून मोजा. पोरगं घरी येऊन सांगू शकलं पाहिजे की आज काय शिकलो, एका वाक्यात. सांगता आलं नाही तर कोच बदला. आणि आपलं मूल ऑलिम्पिकला जाईल म्हणून पैसे घालत असाल तर घालू नका, मी तसे घातलेले नाहीत. माझी पोरगी कुठं पोचेल मला माहीत नाही. पण चुकलं की ती आता चिडत नाही, हात बघते, पाय बघते, गणित चुकलं तरी आधी कुठली पायरी चुकली ते शोधते. हे मला वर्गातल्या चाळीस मुलांना वर्षानुवर्षं सांगून जमलेलं नाही. अकरावी-बारावीला लाखाच्या घरात क्लासची फी भरताना आपल्यापैकी कुणी विचारत नाही की याची किंमत वसूल होईल का, आणि खेळाच्या सात हजारांचा मात्र घरोघरी पंचनामा होतो, याचं मला खरंच दुःख वाटतं.

एक विनंती नगरपालिकेच्या आणि शाळांच्या लोकांना पण आहे. पूर्ण मैदान मागत नाही मी, त्याला एकरच्या एकर जमीन आणि भरपूर पाणी लागतं आणि आमच्या पांझरा-बोरी काठच्या गावांत उन्हाळ्यात प्यायचं पाणी किती दिवसाआड येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्या पाण्यावर गवत वाढवा असं कुणी म्हणू पण नये. पण शाळेच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात जाळी आणि चार पाईपचे तुकडे, सकाळी सहा ते आठ, ऊन चढायच्या आत, एवढं होऊ शकतं. पुण्या-नाशिकहून एक चांगले सर महिन्यातून दोन दिवस आले, दहा मुलांनी त्यांचा येण्या-जाण्याचा आणि फीचा खर्च वाटून घेतला, तर प्रत्येकाला पाऊण तास एकट्याचा मिळून सुद्धा पुण्याला जाण्यापेक्षा स्वस्त पडेल. पुण्याच्या सरांना मी विचारून ठेवलंय, ते यायला तयार आहेत, फक्त किमान आठ मुलं पाहिजेत म्हणाले. माझ्याकडं सध्या तीन आहेत, एक माझी आणि दोन ती कुंपणावर बसणारी.

अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव, शिंदखेडा इकडचे कुणी पालक असतील तर त्यांनी आपल्या कार्यालयात नाव द्यावं, माझा पत्ता आणि फोन मी या पत्रासोबत वेगळ्या कागदावर दिलाय, तो छापू नये पण विचारणाऱ्याला द्यावा. दिवाळीच्या सुट्टीतला पहिला आठवडा सरांनी मोकळा ठेवलाय, त्यांना पंधरा दिवस आधी कळवायचं आहे. ज्या दादांनी ते पत्र लिहिलं त्यांच्या घरी कुणी मूल असेल तर त्यांनाही यायला सांगा, पहिला लेसन त्यांनी मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसून बघावा.

आपली नियमित वाचक,
एक शिक्षिका आणि आई,
अमळनेर, जि. जळगाव